तिसरी फेरी

पिपरी मेघे,
भाद्रपद वद्य दशमी, २६ सप्टेंबर २०२४

प्रभाकर,

थोरल्याने धाकट्याला पत्र लिहिताना आरंभी आशीर्वाद लिहावा, अशी आपल्या घरची रीत. सव्वीस वर्षांनंतर तो लिहिण्याचा अधिकार मजकडे उरला आहे किंवा नाही, हे तू ठरव. तोवर ती जागा मी मोकळी सोडतो.

काम एकच आहे. माझा गोपाळ समुद्रपूरच्या मैदानावर पडला, तो धावता धावता पडला की धावून थांबल्यावर? एवढे कळव. तुझ्यावाचून हे कोणाला ठाऊक असणार नाही.

विचारण्याचे कारण लिहितो. अंकुशची मुलगी ऋचा आता चौदा वर्षांची आहे. तू तिला पाहिलेले नाहीस. खो-खो खेळते, आणि घरातल्या घरातही चालत म्हणून कधी जात नाही. हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी लेझीमच्या सरावात ती कोसळली. मी म्हणालो, कालचा निर्जळी उपवास बाधला. दहा दिवसांनी खो-खोच्या मैदानावर पुन्हा कोसळली. मी म्हणालो, वाढते वय आहे, खजूर आणि तूप द्या. तेव्हा सूनबाई, सुरभी, मला प्रथमच उलटून बोलली. "बाबा, तूप मी देतेच आहे. पण आज मी तिला दवाखान्यात नेणार. तुम्ही येता का तेवढं सांगा."

मी गेलो. इथल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर प्रेरणा म्हणून एक मुलगी आहे. मुलगी म्हणतो, कारण मी शिकवलेल्या शेवटच्या संस्कृतच्या वर्गातल्या मुलांपेक्षाही ती लहान असेल. ईसीजी निर्दोष आला. हृदयाचा इको काढला, तोही निर्दोष. मला वाटले, सुटलो. पण तिने ऋचाला विचारले, "पडलीस तेव्हा धावत होतीस, की थांबली होतीस?"

ऋचा म्हणाली, "मला काय माहीत? मी पडले तेव्हा मी नव्हतेच तिथे."

मैत्रिणींपैकी एक म्हणते धावत होती, दुसरी म्हणते खाली बसली आणि मग आडवी झाली. मी डॉक्टरांना विचारले, या एका प्रश्नाला एवढे महत्त्व का? त्या म्हणाल्या, "आजोबा, चक्कर येणाऱ्या मुली रोज येतात. बहुतेक जणी रांगेत उभ्या राहून किंवा धावून थांबल्यावर पडतात. त्यांना मी पाणी प्यायला सांगून घरी पाठवते. भर धावण्यात जी पडते, तिची मला भीती वाटते. शांत झोपवून काढलेला कागद चांगला येतो, पण ती पडली तेव्हा शांत कुठे होती?"

नंतर त्यांनी विचारले, "घरात कोणी लहान वयात अचानक गेलं आहे?"

मी म्हणालो, "नाही."

सुरभीने माझ्याकडे पाहिले. "बाबा, गोपाळभाऊजी?"

"त्याला ऊन लागले होते," मी म्हणालो.

"कोणता महिना?" डॉक्टरांनी विचारले.

"फेब्रुवारी."

"किती वाजता?"

"सकाळी साडेसहाच्या सुमारास."

त्यांची लेखणी थांबली. "फेब्रुवारीत, सकाळी साडेसहाचं ऊन, आजोबा?"

या घरात सव्वीस वर्षे उन्हाचे कारण सांगितले जाते. घराबाहेर मी निराळे सांगितले आहे, ते तू ऐकले आहेसच.

समुद्रपूरची एसटी पकडून मीच यायला हवे होते. तू दार उघडले नाहीस तर त्या पायरीवरून कसा उतरेन, हा विचार आड आला. म्हणून पत्र. ऋचाचे धावणे डॉक्टरांनी तूर्त बंद केले आहे. उत्तर लवकर दे.

दत्तोपंत


पिपरी मेघे,
आश्विन शुद्ध पंचमी, ८ ऑक्टोबर २०२४

प्रभाकर,

तुझे उत्तर आले नाही. न येण्याचे कारण मला समजते, म्हणून त्याची तक्रार करत नाही.

मधल्या काळात मी या वयात पुन्हा विद्यार्थी झालो आहे. हृदयातून एकशे एक नाड्या निघतात, असे मी आयुष्यभर निरूपणात सांगत आलो. पण हृदय स्वतः काय खाते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. डॉक्टर प्रेरणांनी केसपेपरच्या पाठीवर मला चित्र काढून दिले. महाधमनी हृदयातून वर निघते, आणि तिच्या अगदी मुळाशी दोन लहान धमन्या फुटून परत हृदयावरच येतात. एक उजवी, एक डावी. हृदय सगळ्या देहाला वाढते, आणि स्वतःचा घास याच दोन वाटांनी घेते. त्यातही डावीतला मोठा वाटा ते आकुंचन पावताना घेत नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात घेते. पंगत उठल्यावर वाढपी कोपऱ्यात पान घेऊन बसतो, तसे. ठोके जितके वेगाने पडतील तितका तो विसावा आखूड. मी दोन दिवस एवढ्याच गोष्टीने भारावून होतो.

मग विचारले, यात बिघाड कोणता असू शकतो? त्या म्हणाल्या, "हजारांत एखाद-दुसऱ्याची धमनी जन्मतःच चुकीच्या बाजूने निघते. डावी निघायला हवी डावीकडून. ती निघते उजवीकडून, आणि आपल्या जागी जायला दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधल्या बोळातून वाट काढते. बसल्या जागी काही होत नाही. धावताना त्या दोन्ही फुगतात, आणि ही मधली दबते."

मी म्हणालो, "म्हणजे कापसाच्या दोन भरलेल्या बैलबंड्यांच्या मधून सायकल काढावी, तसे."

"आणि बंड्या चालू लागाव्यात," त्या म्हणाल्या.

ऋचाला हेच असेल असे त्या म्हणत नाहीत. पुढची तपासणी सीटीची आहे. शिरेतून औषध सोडून छायाचित्र काढतात. अंकुश परवापर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत होता. तो म्हणे, "दोन्ही रिपोर्ट चांगले आहेत. बाबा म्हणतात अशक्तपणा आहे, तर पोरीला आणखी कशाला टोचायचं?" माझ्या एका शब्दावर ते अडून होते, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता.

काल तो निघाला. कोणामुळे, ते ऐक. रुग्णालयातल्या बाकावर माझ्या शेजारी देवकाबाई नावाची एक शेतकरी बाई बसली होती. समुद्रपूरकडचीच, नातीला घेऊन आलेली. माझे गंध आणि माळ पाहून तिने आपणहून बोलणे काढले.

"काऊन जी महाराज, तुमच्या पोरीले काय झालं?"

"चक्कर येते," मी म्हणालो.

"माह्या नातीले फीट येते. मी वरीसभर म्हणो, देवी येते आंगात. हयदकुकू लावो, नारळ फोडो. लोक पाया पडाले येत. मले बी बरं वाटे, खोटं काऊन बोलू." ती हसली. "मंग डाक्तरीनबाईले समदं सांगून देल्लं. चुकलं तं चुकलं. पोरीपुढं आपली लाज काय मोठी हाय का जी?"

आता जे लिहितो ते कालपर्यंत मी कोणालाही सांगितलेले नव्हते. तुझ्या यशोदावहिनीला ठाऊक होते. ती ते आपल्याबरोबर घेऊन गेली. तिच्या अंत्ययात्रेत तू स्मशानाच्या फाटकाशी उभा होतास. मी पाहिले नाही, असे अंकुशला म्हणालो होतो. पाहिले होते.

गोपाळ गेला त्याच्या दोन महिने आधी, दत्तजयंतीच्या सप्ताहात, समुद्रपूरला तुझ्याकडे शिकणारा तो इथे घरी आला होता. शेवटच्या रात्री दत्तमंदिरात भजन द्रुत लयीत चढले. मुले पावल्या खेळत होती. गोपाळ सर्वांच्या पुढे होता. एकाएकी त्याचे डोळे फिरले आणि तो मृदंगापाशी आडवा झाला. मी आसनावरून उठलो, हात वर केला आणि म्हणालो, "त्याला हात लावू नका. भावावस्था आहे." लोक त्याच्या पाया पडले. प्रभाकर, सतरा वर्षांच्या पोराच्या पायांवर म्हातारी माणसे डोकी ठेवत होती, आणि माझे मन अभिमानाने भरून आले होते.

पहाटे तो मला म्हणाला, "बाबा, भावावस्था नव्हती हो. छाती कोणी आवळल्यासारखी झाली आणि पुढचं काही आठवत नाही." मी म्हणालो, "हे कोणाजवळ बोलू नकोस. लोकांची श्रद्धा मोडेल." तो आज्ञाधारक होता. बोलला नाही.

ऋषींनी सांगितलेल्या नाड्या सूक्ष्म. डॉक्टरांच्या धमन्या स्थूल. त्या दोहोंची गल्लत करू नये, हे मी वर्गात शिकवत असे. आपल्याच मुलाच्या बाबतीत मी ती केली.

आणि गोपाळच्या दहाव्याला नदीकाठी, सगळ्या मंडळींसमोर, तुझ्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, "याने माझ्या मुलाला पळवून मारले." तो आधी एकदा पडला होता, हे मला त्या क्षणी ठाऊक होते. ठाऊक असूनही म्हणालो.

हे सारे काल मी डॉक्टरांना सांगितले, आणि घरी येऊन अंकुश आणि सुरभीला. अंकुश उठून अंगणात गेला. अजून माझ्याशी बोललेला नाही. सीटीला मात्र त्याने होकार दिला आहे.

माझा प्रश्न तोच आहे. माझ्यासाठी देऊ नकोस. ऋचासाठी उत्तर दे.

दत्तोपंत


पिपरी मेघे,
आश्विन वद्य अष्टमी, २४ ऑक्टोबर २०२४

प्रभाकर,

तुझी वही पोचली. सोबत पत्र नव्हते, चिठ्ठी नव्हती. तपकिरी कागदात बांधलेली जुनी वही, वरती तुझे अक्षर, "मैदान, १९९७-९८". आधी मला वाटले तू रागाने काही परत केले आहेस. मग उघडली.

क्रीडाशिक्षक मुलांच्या वेळा लिहून ठेवतो, हे मला ठाऊक होते. पण इतके पाहून लिहितो, हे नव्हते. मी ती पाने किती वेळा वाचली, ते सांगत नाही. काही ओळी इथे उतरवतो, कारण त्या स्वतःच्या हाताने लिहिल्यावाचून माझे समाधान होत नाही.

"२ डिसें. गोपाळ. पहिली फेरी ७२ सेकंद, दुसरी ७४, तिसरी ९१. तिसरीत चेहरा पांढरा. हात छातीवर. थांबल्यावर दोन मिनिटांत ठीक."

"२३ डिसें. पहिली ७१, दुसरी ७५, तिसरी ९६. तिसरीतच काऊन? जेवण ठीक, झोप ठीक. विचारलं तर म्हणतो काही नाही."

"१८ जाने. तिसरी पूर्ण नाही. पोरगा धावून नाई राह्यला, स्वतःले ओढून राह्यला. पिपरी मेघेला जाऊन दादांना भेटलो. दादा म्हणाले, त्याच्यावर देवाची कृपा आहे, डॉक्टर कशाला."

"१९ जाने. गोपाळचं पळणं बंद. डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. रडला. रडू दे."

आणि ११ फेब्रुवारी. "गोपाळ एकटाच आला होता. मला न सांगता. मी पावणेसातला पोचलो. तिसरं वळण. तोंडावर पडलेला. हात पुढे केलेले नव्हते."

त्यापुढे वही कोरी आहे.

तू माझ्याकडे आला होतास. ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतास, चहा घेतला नाहीस. मी ते विसरलो नव्हतो, प्रभाकर. मागच्या पत्रात एवढे सगळे कबूल करूनही तेवढे मी गाळले होते. तू गाळले नव्हतेस. आणि दहाव्याला, मी बोट दाखवले तेव्हा, "मी त्याला थांबवले होते, तुम्हीच डॉक्टर नको म्हणालात," एवढे एक वाक्य तुझ्याजवळ होते. ते तू बोलला नाहीस. बोलला असतास तर चोरून धावल्याचा दोष त्या गेलेल्या मुलावर गेला असता, किंवा मुलगा गमावलेल्या बापावर. दोघांनाही वाचवून तू घरी गेलास.

आता वहीने काय केले, ते ऐक. सोमवारी मी ती डॉक्टर प्रेरणांपुढे ठेवली. त्या पाने उलटत राहिल्या. बाहेर रांग वाढत होती. "हे कोणी लिहिलं?" म्हणून विचारले. मी म्हणालो, "माझ्या धाकट्या भावाने." किती वर्षांनी हे शब्द उच्चारले.

त्या म्हणाल्या, "हात पुढे केलेले नव्हते, म्हणजे जमिनीला लागायच्या आधीच शुद्ध गेलेली. म्हणजे धावता धावता. आणि दर वेळी तिसरी फेरी. दोन फेऱ्यांपर्यंत त्या वाटेने भागत होतं, तिसरीत भागेना. आजोबा, हा माणूस डॉक्टर नाही?"

"क्रीडाशिक्षक आहे."

"मला असे चार मिळाले तर बरं होईल."

हा दोष घराण्यात सहसा उतरत नाही, पण एकाच घरात दोघांना सापडल्याच्या नोंदी आहेत, असे त्यांनी सांगितले. सीटीची वाट न पाहता त्यांनी ऋचाला तिथल्या तिथे पुन्हा इकोच्या खोलीत नेले. पहिल्या वेळी हृदयाचे कप्पे आणि झडपा पाहिल्या होत्या. आता फक्त त्या दोन धमन्यांची तोंडे शोधायची होती. मी पडद्याशेजारी उभा होतो. करड्या धुक्यात काहीतरी उघडत होते, मिटत होते. उजवे तोंड लगेच सापडले. डावे सापडेना. त्या पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जिथे असायला हवं तिथे नाही." मग यंत्र किंचित वळवले, आणि उजव्या तोंडाच्या शेजारीच दुसरी एक बारीक रेघ लुकलुकली. "हे बघा. इथून निघाली आहे."

काल सीटी झाली. ठोके मंदावण्यासाठी गोळी दिली होती, आणि श्वास रोखायला सांगितला. ऋचाने असा कुंभक साधला की तंत्रज्ञ म्हणाला, "वा बेटा, कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "आजोबांनी. दुसरं काही कामाचं शिकवलंच नाही त्यांनी." सुरभी हसली. मीही हसलो, फार दिवसांनी.

निदान पक्के झाले आहे. डावी धमनी उजवीकडून निघते, तिचे तोंड गोल नसून फटीसारखे आहे, आणि ती दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधून जाते. गोपाळचे हृदय आता कोणी पाहू शकणार नाही. पण डॉक्टर म्हणतात, या वहीवरून त्याच्याही बाबतीत त्यांना फारशी शंका उरलेली नाही.

नागपूरला शस्त्रक्रिया करायची आहे, दिवाळीनंतर. धोका आहे; न केल्यास अधिक आहे. मी देवापाशी काय मागतो, ते तुला सांगायला नको.

दत्तोपंत


पिपरी मेघे,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ८ डिसेंबर २०२४

प्रभाकर,

ऋचा घरी आली. अठरा दिवसांपूर्वी नागपूरला तिची छाती उघडली. ती धमनी काही अंतर महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच सरपटत गेली होती. शल्यविशारदांनी ती भिंत आतून उघडून फटीचे रुंद तोंड केले. पाच तास लागले. मी बाहेर माळ घेऊन बसलो होतो, आणि खरे सांगतो, एकही नाम नीट झाले नाही. शेजारी अंकुश येऊन बसला. चौथ्या तासाला म्हणाला, "बाबा, पाणी घ्या." इतकेच. मला पुरेसे होते.

आज दत्तमंदिरात सप्ताह बसला. पौर्णिमेला, चौदा तारखेला, सांगतेचे निरूपण माझ्याकडे आहे. ज्या आसनावरून मी "भावावस्था आहे" म्हणालो, त्याच आसनावरून मी त्या दिवशी तुझी वही वाचणार आहे. २ डिसेंबरपासून ११ फेब्रुवारीपर्यंत, काही न गाळता. १८ जानेवारीही. दहाव्याला नदीकाठी हजर असलेल्यांपैकी सात जण हयात आहेत. मी त्यांच्या घरी जाऊन त्यांना अवश्य येण्याचे सांगून आलो. गुरव म्हणाला, "पंत, सांगतेला असलं काही वाचतात का?" मी म्हणालो, "याहून योग्य माझ्यापाशी काही नाही."

तू ऐकायला यावेस म्हणून हे लिहिलेले नाही. तू आला नाहीस तरी मी वाचणार. बोलावणे निराळ्या कामाचे आहे.

तीन महिने धावणे नाही. रोज ठराविक चालणे आहे, आणि वेळ लिहून ठेवायची आहे. आज पहाटे आम्ही देवळाभोवती आरंभ केला. मी माळेवर मोजू लागलो. ऋचा थांबून म्हणाली, "आजोबा, हे सेकंद आहेत का नाम?" मी म्हणालो, नाम. ती म्हणाली, "मग डॉक्टरांना काय सांगू, एक फेरी छप्पन्न दत्तगुरू?"

घरी येऊन तिने तुझी वही काढली. मी अडवणार होतो, अडवले नाही. कोऱ्या पानावर तिने लिहिले, "८ डिसें. ऋचा. पहिली फेरी," आणि पुढची जागा मोकळी ठेवली. म्हणाली, "समुद्रपूरच्या आजोबांकडे काट्याचं घड्याळ असेल ना? त्यांना आणायला सांगा. मोबाइल नको. या वहीत तेच शोभेल."

पहाटेचे एक सांगायचे राहिले. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरीच्या वळणावर मी तिला घरी परत आणले. ती दमली नव्हती. माझेच पाय पुढे जाईनात.

बाळ, तुला आशीर्वाद. ये. घड्याळ घेऊन ये. पहिल्या दोन फेऱ्या मी तिच्यासोबत चालेन. तिसरी तू मोज.

दादा